कर्ता, क्रियापद आणि कोट : बालवर्गातील इंग्रजी शब्दक्रमाची कथा

निजामी अमदानीतील हैदराबाद संस्थानात तेलुगु, मराठी, कन्नड आणि उर्दू या चार भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांच्या लिप्या वेगळ्या, वाङ्मयीन परंपरा वेगळ्या आणि कुळेही दोन. तेलुगु व कन्नड द्राविडी कुळातील, मराठी व उर्दू आर्य कुळातील. तथापि एका बाबतीत या चौघींचे पूर्ण एकमत आहे. वाक्याचा शेवट क्रियापदाने करावयाचा, हा प्रघात चारही भाषा सामान्यतः पाळतात. ‘रामाने कोट घातला’ हे वाक्य यांपैकी कोणत्याही भाषेत नेले, तरी आधी राम येतो, मग कोट येतो आणि घालण्याची क्रिया अखेरीस येते. या संस्थानातील मूल शाळेत जाऊन इंग्रजी शिकू लागले, की त्याच्या आयुष्यात प्रथमच क्रियापद वाक्याच्या मध्यभागी येऊन उभे राही. शेजारच्या बाकावरील सोबत्याची मातृभाषा कोणतीही असो, दोघांची चूक मात्र एकच होई : ‘राम कोट वेअर्स.’

या चुकीसाठी किती पिढ्यांच्या तळहातांनी छड्या खाल्ल्या असतील, याची गणती कोणी केलेली नाही. वस्तुतः त्या मुलाचे काहीच चुकलेले नसे. त्याने ‘वेअर’ हा शब्द पाठ केला होता, त्याचा अर्थही त्याला ठाऊक होता. आपल्या भाषेच्या नियमानुसार त्याने तो योग्य जागी ठेवला होता. आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. मेकॉलेचे १८३५ चे टिपण, नोकऱ्यांची ओढ, माध्यमाचा वाद, राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ हे विषय अनेकांनी हाताळले. परंतु वर्गाचे दार लावून घेतल्यावर फळ्यापुढे काय चाले, ‘कोट’ आणि ‘वेअर’ यांची अदलाबदल मुलाला कशी समजावून दिली जाई, याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. तो धागा बारीक आहे खरा. पण त्याला धरून चालू लागले, तर तो बऱ्याच दूरवर नेतो.

मराठीत शब्दाचे नाते प्रत्ययाने कळते. ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ असे म्हटले, की तो राम वाक्यात कोठेही बसला तरी त्याचे काम बदलत नाही. प्रत्यय दिसत नसला तरी लिंगवचनाची जुळणी साहाय्यास येते. ‘मुलगा टोपी घालतो’, ‘टोपी मुलगा घालतो’, ‘घालतो मुलगा टोपी’ या तिन्ही वाक्यांत भर कशावर आहे तेवढे बदलते, अर्थ तोच राहतो. कारण ‘घालतो’ हे पुल्लिंगी रूप मुलाकडे बोट दाखवीत असते. इंग्रजीत हीच उलटापालट केली, तर ‘द कॅप वेअर्स द बॉय’ असे वाक्य तयार होते. म्हणजे टोपीनेच मुलाला डोक्यावर घातले! वर्गात हशा पिकावा असे हे वाक्य आहे. सारा धडा त्या हशातच सामावलेला आहे. इंग्रजीत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय होय.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विभक्ती होत्या. राजा कर्ता असेल तर ‘से क्युनिंग’ आणि कर्म असेल तर ‘थोने क्युनिंग’, असा भेद शब्दाच्या आधी येणाऱ्या दर्शकातच दिसे. तेव्हा शब्दांना हलण्याची बरीच मोकळीक होती. गौण वाक्यात तर क्रियापद पुष्कळदा शेवटीच येई. पुढे अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान हे प्रत्यय झिजत गेले. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांशी झालेला संपर्क, उच्चारात शब्दान्ताची होत गेलेली क्षीणता, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लिखित इंग्रजीचा सुटलेला राजाश्रय, अशी अनेक कारणे अभ्यासक देतात. प्रत्यय गेले आणि त्यांचे काम जागेवर येऊन पडले. याच काळात पोशाखाची शब्दसंपत्तीही बदलली, हा योगायोग मौजेचा आहे. ‘हॅट’, ‘शू’, ‘शर्ट’, ‘ग्लव्ह’ हे शब्द जुन्या इंग्रजीतले. ‘कोट’, ‘गाऊन’, ‘रोब’, ‘बूट’ हे फ्रेंचांच्या मार्गाने आलेले. ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ ही तर एकाच मूळ शब्दाची दोन रूपे. पहिले घरचे आणि दुसरे नॉर्स लोकांनी आणलेले. ‘राम कोट वेअर्स’ म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या शिक्षकाने इंग्रजीची ही पूर्वपीठिका सांगितली असती, तर आपण फार मोठा अपराध केलेला नाही एवढा दिलासा तरी त्याला मिळाला असता.

वस्तू दाखवून भाषा शिकवावी, हा विचार युरोपात जुना आहे. मोराव्हियातील धर्मोपदेशक व शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने १६५८ मध्ये ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येक पानावर एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे आणि खाली त्याच आकड्यांना धरून लॅटिन व देशभाषा यांतील वाक्ये, अशी त्याची मांडणी होती. चार्ल्स हूल याने लगोलग १६५९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. त्यात शिंप्याचे एक स्वतंत्र पान आहे, चांभाराचेही आहे. मूल चित्रातील वस्त्रावर बोट ठेवी आणि शेजारच्या दोन स्तंभांत तीच गोष्ट दोन भाषांत वाची. मुलाला आधीच ठाऊक असलेल्या वस्तू घ्याव्या, म्हणजे त्याचे सगळे लक्ष नव्या भाषेच्या घडणीकडे वळते, हे कोमेनियसच्या ध्यानी आले होते. त्याच्या इंग्रज विद्यार्थ्यांची अडचण मात्र आपल्या मुलांच्या नेमकी उलट होती. आपल्या भाषेत जखडलेले शब्द लॅटिनमध्ये मोकळे सोडण्यास त्यांना शिकावे लागे.

मुंबई इलाख्यात शेजारी शेजारी दोन स्तंभ प्रथम लक्षात राहण्यासारखे दिसले, ते ‘दर्पण’ पत्रात. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या या पत्रात एकीकडे इंग्रजी आणि एकीकडे मराठी मजकूर असे. तो वाचणाऱ्या प्रौढ वाचकाला दोन भाषांच्या चालीतला फरक डोळ्यांनीच दिसे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले आणि कर्ता, कर्म, क्रियापद या संज्ञा शाळेत रुळल्या. परंतु इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांवर खरे अधिराज्य गाजविले ते तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने. तर्खडकर म्हणताच दादोबांचे नाव पुष्कळांच्या ओठांवर येते. पण पाठमालेचे कर्ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर होत. आधी शब्द, मग नियम, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये, असा पाठमालेचा क्रम. त्यातील वाक्ये एकमेकांशी असंबद्ध म्हणून थट्टेचा विषय झाली. ही थट्टा थोडी अन्यायाची आहे. शब्दांचा क्रम मनावर ठसवावयाचा असेल, तर वाक्यात काही कथा नसलेलीच बरी. कथा आली की मूल अर्थाच्या मागे धावते आणि रचना निसटते.

भाषांतर पद्धतीचा खरा दोष दुसरीकडे होता. मूल मराठी वाक्य वाची, एकेका शब्दाखाली इंग्रजी शब्द लिही आणि मग ते शब्द जागच्या जागी हलवी. वहीत हे साधे. बोलताना साधत नसे, कारण जिभेला खोडरबर नसते. ‘लाल कोट घातलेला मुलगा’ हे लिहून इंग्रजीत आणणारा विद्यार्थी समोर लाल कोट घातलेला मुलगा प्रत्यक्ष उभा राहिला तर गप्प बसे. पाठमालेचा अभ्यास करून मॅट्रिक झालेले, उत्तम इंग्रजी पत्र लिहिणारे आणि साहेबापुढे मात्र ततपप करणारे कारकून ही गेल्या शतकातील एक परिचित व्यक्तिरेखा आहे.

युरोपात याच सुमारास भाषांतराविरुद्ध बंड सुरू झाले होते. फ्रान्सच्या गुआँ याने १८८० मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. एक साधी कृती घ्यावयाची, तिचे बारीक टप्पे पाडावयाचे आणि प्रत्येक टप्पा करीत करीत त्याचे वाक्य म्हणावयाचे, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेत १८७८ मध्ये पहिली शाळा काढणाऱ्या बर्लिट्झने विद्यार्थ्याच्या भाषेला वर्गाबाहेरच ठेवले. मुंबई इलाख्यात या ‘प्रत्यक्ष पद्धती’चा हिरीरीने पुरस्कार करणाऱ्यांत पी. सी. रेन हे होते. १९०३ च्या सुमारास ते हिंदुस्थानात शिक्षणखात्यात आले आणि हिंदी शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. पुढे १९२४ मध्ये ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून ते जगप्रसिद्ध झाले. दैवाचा विनोद असा, की प्रत्यक्ष पद्धतीच्या या पुरस्कर्त्याचे नाव हिंदुस्थानात आज टिकून आहे ते ‘रेन आणि मार्टिन’ या जाडजूड व्याकरणामुळे. त्यांच्या प्रत्यक्ष पद्धतीचे पुस्तक मात्र क्वचितच कोणी उघडते.

शब्दक्रमाच्या अध्यापनाला खरे शास्त्रीय रूप दिले ते हॅरल्ड पामर यांनी. १९१६ मध्ये त्यांनी शंभर ‘पर्यायकोष्टकां’चे पुस्तक काढले. कोष्टक म्हणजे काय, हे उदाहरणानेच स्पष्ट होईल. पहिल्या स्तंभात चार कर्ते, दुसऱ्यात एकच क्रियापद, तिसऱ्यात तीन रंग आणि चौथ्यात पाच कपडे लिहावे. प्रत्येक स्तंभातून एकेक शब्द उचलीत डावीकडून उजवीकडे जावे. चार, तीन आणि पाच यांच्या गुणाकाराने साठ वाक्ये होतात आणि साठांतील एकाही वाक्यात शब्द चुकीच्या जागी पडत नाही. मुलाला नियम सांगावा लागत नाही. स्तंभच नियम होतात. कपड्यांची नावे या कामी विशेष सोयीची ठरतात, कारण कोणताही रंग बहुधा कोणत्याही कपड्याला चालतो. ‘निळी टोपी’ जितकी साहजिक, तितकाच ‘निळा सदरा’. खाद्यपदार्थांचे किंवा प्राण्यांचे असे कोष्टक केले, तर निळ्या भाकरीशी आणि हिरव्या घोड्याशी गाठ पडते.

पामर १९२२ मध्ये जपानला गेले आणि १९३६ पर्यंत तेथे राहिले. ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण जपानी भाषेतही क्रियापद शेवटीच येते. शिवाय परभाषेचा शब्दक्रम मोडून वाचण्याची जपान्यांची परंपरा शतकानुशतकांची होती. चिनी ग्रंथ वाचताना ते शब्दांशेजारी खुणा करीत आणि त्या खुणांच्या आधारे वाक्य जपानी क्रमाने वाचीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पुस्तके आली, तेव्हा त्यांतील शब्दांवरही त्यांनी असेच आकडे घातले. अशा विद्यार्थ्याला इंग्रजी समजे, परंतु तो ते जपानी म्हणून वाची. ही सवय मोडण्यासाठी पामरांनी कृतीचा आश्रय घेतला. १९२५ मध्ये आपल्या कन्येसमवेत लिहिलेल्या ‘इंग्लिश थ्रू ॲक्शन्स’ या पुस्तकात त्यांनी आज्ञा, कृती आणि कथन अशी त्रिपदी बसविली. शिक्षक आज्ञा देई, मुले ती पाळत आणि पाळता पाळता आपण काय करीत आहो ते सांगत.

या त्रिपदीला अंगावरच्या कपड्यांइतके सोयीचे दुसरे साहित्य नाही. शिक्षक म्हणतो, ‘पुट ऑन युवर कॅप.’ मुलगा टोपी घालतो. शिक्षक विचारतो, ‘व्हॉट आर यू डूइंग?’ टोपी डोक्याला लागते न लागते तोच उत्तर यावे लागते, ‘आय ॲम पुटिंग ऑन माय कॅप.’ टोपी नीट बसली, हात खाली आले, की क्रियापद बदलते : ‘आय ॲम वेअरिंग अ कॅप.’ मराठीत दोन्हीकडे ‘घालणे’ चालते. ‘टोपी घालतो आहे’ आणि ‘टोपी घातली आहे’ असा भेद काळाने दाखविला जातो. इंग्रजीत कृतीला एक क्रियापद आणि स्थितीला दुसरे. हा भेद मराठीतून समजावयाला पाच मिनिटे लागतील. हाताच्या हालचालीने तो एका क्षणात समजतो.

शब्दक्रमाची सर्वांत अवघड गाठही याच ठिकाणी आहे. ‘पुट ऑन युवर कॅप’ बरोबर, ‘पुट युवर कॅप ऑन’ हेही बरोबर. परंतु ‘टोपी’ऐवजी ‘ती’ म्हणावयाचे झाले, तर ‘पुट इट ऑन’ हे एकच रूप शिल्लक राहते. ‘पुट ऑन इट’ म्हटले की अर्थच भलतीकडे जातो. टोपी घालावयाची सोडून तिच्यावर काहीतरी ठेवावयाचे होते. नामाला दोन जागा, सर्वनामाला एकच. ‘टेक ऑफ’लाही हाच नियम लागू. पदवीपर्यंत इंग्रजी शिकलेली माणसेही येथे अडखळतात. लहानपणी शंभर वेळा टोपी काढ-घाल केलेले मूल मात्र अडखळत नाही, आणि हा नियम आपण कधी शिकलो हेही त्याला सांगता येत नाही.

पामरांचे जपानमधील सहकारी हॉर्नबी यांनी याच पायावर कोश रचला. १९४२ मध्ये तो जपानात छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. क्रियापदांचे साचे ठरवून त्यांना क्रमांक देणे, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडील ग्रंथालयांतून हा कोश शब्दांच्या अर्थासाठी उघडला जातो. कोणते क्रियापद आपल्यापुढे काय मागते, हे सांगणाऱ्या त्या क्रमांकांकडे पाहणारा वाचक विरळा. इकडे ढाक्क्यात अध्यापन करणारे मायकेल वेस्ट हे १९२६ मध्ये वेगळाच मुद्दा मांडीत होते. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे, असे त्यांचे प्रतिपादन. नव्या रचनेबरोबर नवे शब्द फार देऊ नयेत, ही शिस्त त्यांच्या ‘न्यू मेथड’ वाचनमालेने घालून दिली.

या शिस्तीच्या दृष्टीने मराठी मुलाच्या जवळ एक आयते भांडवल होते. त्याच्या पेटीतल्या कपड्यांची नावे अर्धीअधिक परक्यांचीच होती. पायजमा, मोजा, शाल, रुमाल, अस्तर हे फारसीकडून आलेले. फीत आणि इस्त्री पोर्तुगिजांकडून. कोट, शर्ट, बूट, जाकीट, कॉलर, पाटलोण इंग्रजांकडून. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच इंग्रजी नामे त्याच्या तोंडी बसलेली असत. तेव्हा इंग्रजीच्या पहिल्या तासाला शिकावयाचे उरे ते त्या नामांना कोठे बसवावयाचे एवढेच. अर्थात या ओळखीतही फसगत आहे. मराठीने ‘पाटलोण’ स्त्रीलिंगी एकवचनी करून घरात घेतली. इंग्रजीत ‘ट्राउझर्स’ला अनेकवचनी क्रियापद लागते. एकाच वस्त्राला अनेकवचन का, या मुलाच्या प्रश्नाला बहुतेक शिक्षकांनी दोन पायांकडे बोट दाखवून वेळ मारून नेली. उत्तर अगदीच चुकीचेही नाही. पूर्वी दोन पायांची वस्त्रे खरोखरच वेगवेगळी असत.

उलट दिशेने पाहिले, तर मराठी क्रियापदांची श्रीमंती डोळ्यांत भरते. धोतर आणि लुगडे नेसावयाचे, सदरा आणि चोळी घालावयाची, शाल पांघरावयाची, फेटा बांधावयाचा. इंग्रजीने या सर्वांसाठी एक ‘वेअर’ पुरविला आहे. त्यातही ‘नेसणे’ हे क्रियापद न्यारेच. ‘सीतेने चोळी घातली’, ‘सीतेने शाल पांघरली’ असे आपण म्हणतो; तेथे क्रियापद कपड्याच्या लिंगाप्रमाणे चालते. परंतु ‘सीता लुगडे नेसली’ असेच म्हणावे लागते; येथे सकर्मक क्रियापदही कर्त्याच्या मागे जाते. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांची जी सूक्ष्म चर्चा केली आहे, तिच्या प्रकाशात अशी क्रियापदे पाहणे मनोरंजक आहे. इंग्रजी शब्दक्रम शिकविताना शिक्षकाने हे एकदा मुलांना दाखवावे. इंग्रजी जागेने जे साधते, ते मराठी जुळणीने साधते, हे ‘पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढरे धोतर’ एवढ्या तीन जोड्यांतून दहा वर्षांच्या मुलालाही कळते. इंग्रजी ‘व्हाइट’ तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा राहतो. म्हणून त्याला नामाच्या अगदी शेजारी, नामाच्या पुढेच बसावे लागते.

हैदराबादमध्ये या सर्व प्रवाहांचा संगम झाला. १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू राज्यभाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने गणितापासून वैद्यकापर्यंतचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले आणि इंग्रजी ही एक भाषा म्हणून सक्तीची ठेवली. देशी भाषेला ज्ञानभाषेचा मान आणि इंग्रजीला परभाषेची जागा, अशी ती विभागणी होती. त्या काळच्या मराठी मुलाला घरी एक, शाळेत दुसरी आणि इंग्रजीच्या तासाला तिसरी भाषा वापरावी लागे. शेरवानी हा शहराचा सर्वमान्य पोशाख, दरबारी प्रसंगी दस्तार आणि बगलूस. धोतर-पगडीतला मराठी गृहस्थ त्यात वेगळा ओळखू येई. विलायती वाचनमालेतील ओव्हरकोट, हातमोजे आणि मफलर या मुलांनी केवळ चित्रांतच पाहिले. कपड्यांतून भाषा शिकवावयाची, पण ते कपडे वर्गात कोणाच्याच अंगावर नाहीत, असा हा प्रकार होता.

स्वातंत्र्यानंतर अनेक राज्यांनी इंग्रजीची शालेय वर्षे कमी केली. थोड्या वेळात अधिक साधावयाचे, तर निवडक रचना चढत्या क्रमाने शिकवाव्या, या विचाराने ‘रचनापद्धती’ आली. १९५२ च्या सुमारास मद्रासमध्ये तिचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये ब्रिटिश कौन्सिल व फोर्ड फाउंडेशन यांच्या साहाय्याने हैदराबादेत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या संचालकांत विनायक कृष्ण गोकाक हे होते. हे थोर कन्नड कवी पुण्याच्या फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांशी संबंधित होते, त्यामुळे मराठी प्रदेशाला ते परके नव्हते. संस्था पुढे इतर परकीय भाषांसाठीही विस्तारली आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. देशभरातील शिक्षक येथे येत आणि कोष्टके, चित्रतक्ते व कृतिपाठ घेऊन परत जात.

रचनापद्धतीने पुष्कळ दिले, आणि तिची विटंबनाही पुष्कळ झाली. ज्याला त्याला दिसत असलेला सदरा दाखवून ‘धिस इज अ शर्ट’ हे वाक्य चाळीस मुलांकडून वदवून घेण्यात भाषा कमी आणि कवायत अधिक होती. साठ वाक्ये बिनचूक म्हणणारे मूल वर्गाबाहेर पडले की जुन्याच क्रमाने बोलू लागे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर-मद्रासच्या शाळांतून जो प्रयोग केला, तो याच असमाधानातून. रचना सांगू नका, मुलांना सोडवावयास काहीतरी द्या, रचना आपोआप येईल, असे त्याचे सूत्र. वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामे मुले इंग्रजीतून सोडवीत. हे सूत्र मोहक आहे. मात्र ज्या मुलाच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजी पडतच नाही, त्याच्या बाबतीत ‘आपोआप’ या शब्दावर फार भार पडतो.

दुसरा दोष अधिक नाजूक होता आणि तो कोणत्याही पद्धतीच्या पुस्तकात नोंदविलेला आढळत नाही. मुलाच्या अंगावरील कपडे हेच शैक्षणिक साहित्य ठरले, की वर्गातील गरिबी फळ्यावर येते. ‘व्हॉट इज ही वेअरिंग?’ असे विचारून शिक्षकाने एखाद्या मुलाला उभे करावे आणि त्याच्या सदऱ्याची बटणे तुटलेली असावी, कोपरावर ठिगळ असावे. चाळीस जोडी डोळे त्या ठिगळावर खिळलेले असताना त्या मुलाच्या मनात शब्दक्रम कसा शिरावा? जाणता शिक्षक स्वतःची टोपी, स्वतःचा कोट वापरी, किंवा घरून कपड्यांचे गाठोडे आणी. गाठोड्यातला कोट कोणाचाही नसतो, म्हणून तो सर्वांचा होतो.

मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवण्याचा आग्रह हा मात्र सर्वांत महागात पडला. प्रत्यक्ष पद्धतीने तो आणला, रचनापद्धतीने सैल करूनही चालविला, आणि इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांनी त्याला दंडाचे रूप दिले. वस्तुतः काही गोष्टी मातृभाषा शेजारी ठेवल्याशिवाय दिसतच नाहीत. ‘आईच्या पिशवीतल्या कोटाच्या खिशात’ हे शब्द इंग्रजीत नेले, तर ते शेवटून सुरुवातीकडे चालू लागतात. आधी खिसा, मग कोट, मग पिशवी, मग आई. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे, त्यांचे नामाच्या पुढे. त्यामुळे सगळी रांगच आरशात पाहिल्यासारखी उलटते. प्रश्नाचेही तसेच. मराठीत ‘तुझा कोट लाल आहे’ याच्या शेवटी ‘का’ जोडला की भागते. इंग्रजीत क्रियापदाला उठून पहिल्या जागेवर जावे लागते : ‘इज युवर कोट रेड?’ आपली मुले ‘युवर कोट इज रेड?’ असे विचारतात, कारण ‘का’ची जागा ती आवाजाच्या चढाने भरून काढतात. शिक्षकाने दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून रेघा जोडल्या, की चूक कोठून येते ते मुलाला स्वतःलाच दिसते. तर्खडकरांच्या पाठमालेचे डोळे आणि पामरांच्या कृतीचे हात, दोन्ही एका तासात नांदू शकतात. चांगल्या शिक्षकांनी वरिष्ठांना न सांगता हे केलेले आहे.

महाराष्ट्राने २००० मध्ये इंग्रजी पहिलीपासून आणले. तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगु सक्तीची केली. हैदराबादेतील मराठी घरांतली अनेक मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात, तेलुगु लिहितात आणि मराठी तेवढी घरी ऐकतात. पणजोबांची अडचण त्यांना राहिलेली नाही. ‘राम कोट वेअर्स’ असे ती चुकूनही म्हणणार नाहीत. मात्र शाळेच्या घाईत सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून त्यांच्यापैकी एखादे विचारते : ‘आई, माझा रेड शर्ट तू कुठे कीप केलास?’ आजी-आजोबांना हे ऐकून वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. रंग इंग्रजी, कपडा इंग्रजी, ठेवण्याची क्रियाही इंग्रजी. परंतु वाक्य कोणत्या क्रमाने चालले आहे, तेही ऐकावे. ‘कीप’ला मध्ये उभे राहू दिलेले नाही, त्याला ‘केलास’चा हात धरून शेवटी यावे लागले आहे. त्या ‘केलास’मधला ‘स’ समोरच्या आईला उद्देशून आहे, आणि त्याचे पुल्लिंग शर्टाशी जुळलेले आहे. शर्टाऐवजी टोपी हरवली असती, तर ते ‘केलीस’ झाले असते. आणि हे त्या मुलाला कोणत्याही शाळेत शिकविलेले नाही.